केसांच्या एक्स्टेन्शनचा गुंता पुन्हा पुन्हा होतोय? आधी तो कुठे होतोय ते बघा

"ताई, दोनदाच धुतले हो. बघा काय झालंय."

असं म्हणत पिशवीतून केसांचा गोळा काढून माझ्या टेबलावर ठेवणाऱ्या बायका महिन्याला तीन-चार तरी येतात. पिशवी बहुधा साडीच्या दुकानाची, गोळा बहुधा अठरा इंची क्लिप-इनचा (क्लिपांनी केसांत अडकवायच्या जोडकेसांचा), आणि पुढचं वाक्यही ठरलेलं : "शंभर टक्के ह्यूमन हेअर म्हणून घेतले होते." गंमत अशी, की बहुतेक वेळा ते खरंच तसे असतात. माणसाचेच केस, आणि तरी त्यांची जट झालेली.

मी कोल्हापुरात पार्लर चालवते. बारा वर्षं नवऱ्या सजवतेय, त्यामुळे एक्स्टेन्शन विकत घेणं, भाड्याने देणं आणि लोकांनी बिघडवून आणलेली सोडवणं ही तिन्ही कामं रोजची झाली आहेत. गोळा समोर आला की मी शाम्पू कोणता वापरला हे विचारतच नाही. आधी गुंता कुठे आहे ते बघते. सगळ्या लांबीत आहे, मानेला टेकतो तेवढ्याच भागात आहे, खालच्या टोकांना आहे, की वर, केस जिथे शिवलेले असतात त्या पट्टीपाशी? जागा कळली की निम्मं निदान झालं. पैसे नेमके कुठे वाचवायला गेलो होतो, तेही त्यातच कळतं.

गुंता वरपासून खालपर्यंत, दोन-चार धुण्यांनंतर

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि वाईट बातमीही हीच. याचं कारण तुमच्या न्हाणीघरात नाही, केस गोळा झाले त्या ठिकाणी आहे.

केसाच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात. कौलं जशी वरून खाली उतरत जातात, तसे हे मुळाकडून टोकाकडे. डोक्यावरच्या सगळ्या केसांची दिशा एकच असते, म्हणून ते एकमेकांवरून घसरतात. आता मूठभर केस उलटे करून बाकीच्यांत मिसळा. खवले समोरासमोर येतात, एकमेकांत अडकतात, आणि ओले करून चोळले की घट्टच बसतात. आमच्याकडे धनगरी लोकरीचं जेन करतात ते याच गुणावर. लोकर ओली करून दाबली-चोळली की विणकामाशिवाय चटई तयार होते. तुमच्या एक्स्टेन्शनचंही जेन झालेलं असतं, इतकंच. (डोक्यावरच्या जटेतही तंतूंचीच ही अडकाअडकी असते. अंनिसच्या कार्यकर्त्या जट सोडवायला जातात तेव्हा घरच्यांना हेच समजावतात.)

मग उलटसुलट केस पाकिटात येतात कुठून? गावाकडे अजूनही फेरीवाला येतो, 'केसांवर भांडी' म्हणत. बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ भिंतीच्या फटीत नाहीतर पिशवीत जमवून ठेवतात आणि त्याला देतात. पातेलं येतं, नाहीतर पोरांना फुगे. त्या गुंतवळात कुणाचं मूळ कुठे आणि टोक कुठे, याचा काही हिशेब नसतो. हा माल कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातो. तिथे बायका बसून हाताने तो सोडवतात, लांबीप्रमाणे वेगळा करतात. व्यवहार किरकोळ समजू नका. 2022 च्या जानेवारीत केंद्र सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर बंधनं आणली, इतकी त्यात उलाढाल आहे.

दुसरीकडे तिरुपती बालाजीच्या तिरुमलाला, कल्याणकट्ट्यावर भाविकांनी नवसाचे उतरवलेले केस. लांब केसांची जुडी वस्तऱ्याखाली एकगठ्ठा निघते, मुळं एका बाजूला राहतात. देवस्थान हे केस लांबीनुसार प्रतवारी करून लिलावात विकतं. मुळं-टोकं न बदललेल्या अशा मालाला धंद्यात रेमी म्हणतात. गुंतवळातून आलेला तो नॉन-रेमी. दोन्ही माणसाचेच केस, म्हणून पाकिटावरचं 'ह्यूमन हेअर' खोटं ठरत नाही.

नॉन-रेमी विकायचा तर तो पहिल्या दिवशी तरी गुंतायला नको. म्हणून तो आम्लाच्या पाण्यातून काढतात. खवलेच झिजवून टाकतात. मग केस निस्तेज, खरखरीत दिसतात, म्हणून वरून सिलिकॉनचा थर चढवतात. दुकानात हातात घेतल्यावर जी रेशमासारखी चकाकी दिसते, ती बऱ्याचदा याच थराची. रेमी मालाला इतकं नटवावं लागत नाही, त्यामुळे नवख्या गिऱ्हाइकाला दोन्ही शेजारी ठेवून दाखवले तर ती हमखास स्वस्तातलाच उचलते. "हेच जास्त मऊ आहेत की!" तीन-चार धुण्यांत थर उतरतो. खाली राहतो तो अर्धवट सोललेला, दिशाहीन केस.

यावर कायमचा इलाज नाही. कुणी केराटिन ट्रीटमेंट करून देते म्हणाली तर पैसे घालवू नका. गेलेले खवले परत येत नाहीत. तात्पुरता उपाय म्हणजे जे कंपनीने केलं तेच घरी करायचं : प्रत्येक धुण्यानंतर सिलिकॉनचं सीरम मधल्या भागापासून टोकापर्यंत. शाम्पू सल्फेट नसलेला, आणि धुणं जमेल तितकं लांबवायचं. आणखी सहा-सात वेळा वापरता येतील, त्यापलीकडे आशा धरू नका.

आता घेतानाच ओळखायचं कसं. पट्टीतून एक केस ओढून घ्या. (विकणारी केस ओढू देत नसेल, तर तेही एक उत्तरच आहे.) पट्टीकडचं टोक कुठलं होतं ते लक्षात ठेवा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत तो धरा आणि बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने हलकेच मागेपुढे घासा. खवले शाबूत असतील तर केस आपोआप एका बाजूला सरकायला लागेल, आणि तो नेहमी मुळाच्या बाजूला सरकतो. शाळेत गवताचं कणीस बाहीत घातलं की वर चढायचं, तसंच. असे आठ-दहा केस तपासा. सगळे पट्टीच्या दिशेने गेले तर माल रेमी. काही इकडे, काही तिकडे गेले तर मिसळ. एकही जागचा हलला नाही तर खवले झिजवलेले आहेत किंवा वर जाड थर आहे. तसं असेल तर ते केस कपभर कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब टाकून चांगले धुवा, कंडिशनर न लावता वाळवा आणि पुन्हा बघा. कोरडे, निर्जीव वाटायला लागले तर काय समजायचं ते समजा.

ही परीक्षा मी नुकसान सोसून शिकले. 2019 च्या लग्नसराईत एका होलसेलवाल्याकडून माल घेतला. पहिला लॉट उत्तम, म्हणून दुसरा दुप्पट मागवला. पाकीट तेच, स्टिकर तोच, भाव तोच. आतला माल वेगळा. सात जणींचे पैसे परत केले. फोनवर तो म्हणाला, "मॅडम, केस आहे, मशीनमधून थोडंच येतं?" म्हणाला ते खरंच होतं. तेव्हापासून ब्रँडवर किंवा ओळखीवर न जाता प्रत्येक लॉटमधले दहा केस बघते. 'ब्राझिलियन', 'पेरुव्हियन' वगैरे नावांकडेही बघत नाही. ती बहुतेक वेळा केसाची ठेवण सांगणारी बाजारी नावं असतात. आपल्याकडचाच केस परदेशाच्या नावाने फिरून परत येतो.

गुंता फक्त मानेपाशी

मालाला शिव्या घालू नका. हा महागड्या रेमीलाही होतो. घाम, ब्लाउजची जर, ओढणी, हेल्मेटचा पट्टा, आणि वर सतत घासणं. माझी आजी गंगावन वापरायची. ते वेणीतच गुंफलेलं असायचं आणि रात्री खुंटीला सरळ टांगलेलं. त्याला गुंता झालेला मी कधी पाहिला नाही. क्लिप-इन रात्री काढाच, आणि टेपने (टेप-इन) किंवा गोंदाने (बॉन्ड) कायम चिकटवलेले असतील तर झोपताना सैल वेणी घाला. ओल्या केसांवर झोपू नका. दिवसातून दोनदा मानेखालचे केस बोटांनी मोकळे करा. बस, एवढंच.

गुंता फक्त टोकांना

इथे भावाचा दुसरा खेळ आहे. अठरा इंची म्हणून घेतलेल्या संचात सगळे केस अठरा इंची नसतात. जुडीत लहान-मोठे मिसळलेले असतात, म्हणून वर दाट आणि खाली उंदराच्या शेपटीसारखं. याला सिंगल ड्रॉन म्हणतात. आखूड केस हाताने ओढून काढत काढत खालीही जवळजवळ तेवढीच दाटी आणली की ते डबल ड्रॉन. त्यात मजुरी जाते आणि बाजूला काढलेले केस त्या किमतीला विकले जात नाहीत, म्हणून भाव चढतो. विरळ टोकं लवकर वाळतात, फाटतात, गुंततात. त्यावर उपाय म्हणजे कात्री. खालचे दीड-दोन इंच कापा. अठरा इंच म्हणून घेतलं होतं म्हणून ते विरळ शेपूट जपत बसण्यात अर्थ नाही. सोळा इंची दाट केस फोटोत जास्त चांगले दिसतात.

लांबीवर भाव एकदम का उसळतो, तेही इथेच सांगते. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. अठरा इंच म्हणजे कुणीतरी तीन वर्षं न कापता वाढवलेला केस. चोवीस इंच म्हणजे चार वर्षं. तेवढा टिकलेला केसच कमी मिळतो. सहा इंचांनी भाव दीडपट-दुप्पट झाला तर दुकानदार लुटतोच असं नाही.

टोकांचा गुंता रंगवलेल्या केसांत जास्त. आपल्याकडचा केस काळा, त्यामुळे मधाळ किंवा सोनेरी छटा म्हणजे आधी ब्लीच. ब्लीचने केस कमकुवत होतोच. हायलाइट हवेत तर मोजक्या बटा रंगीत घ्या, पूर्ण संच काळा घ्या. आणि पार्लरमध्ये नेऊन आणखी फिका करून घेऊ नका. गडद करता येतो, फिका करायला गेलात की पैसे गेले.

वर, पट्टीपाशी किंवा तुमच्या स्वतःच्या केसांत

क्लिप-इनमध्ये पट्टीपाशी गोळा होत असेल तर केस शिलाईतून अर्धवट निसटताहेत. शिलाईची पट्टी मध्येच कापून छोटी केली असेल तर हे होणारच. टोकाला कपड्याचा गोंद बारीक लावून वाळवा. धुताना पट्टी हातात धरून वरून खाली फेस सोडा. आपल्याला डोक्यावर केसांचा ढीग करून शिकेकाई चोळायची सवय, तिथेच घोळ होतो.

टेप-इन, बॉन्ड लावलेल्यांचा गुंता वेगळा, आणि तो मी गंभीरपणे घेते. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतात. मोकळ्या डोक्यावर ते कंगव्यात येतात. बॉन्डमध्ये अडकलेले गळून तिथेच राहतात. सहा ते आठ आठवड्यांत टेप सोडवून वर सरकवायच्या, हा नियम त्यासाठी आहे. "अजून घट्ट आहेत, कशाला काढायच्या" म्हणून पाच महिने ठेवून एक मुलगी आली होती. कानामागे दोन जागी जट झाली होती आणि केसांच्या रेषेला टाळू दिसत होती. सतत ओढ बसून होणारी ही गळती वेळीच ओढ थांबवली नाही तर कायमची होऊ शकते. दुखत असेल, टाळूवर पुरळ आलं असेल, तर माझ्याकडे येऊ नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आणि तेल. रविवारी तेल लावल्याशिवाय चैन न पडणाऱ्यांनी टेप-इन घेऊच नयेत. खोबरेल टेपचा चिकटपणा सैल करतं. टेप घसरते, अर्धी सुटते, उघडा चिकट भाग आजूबाजूचे केस धरतो, आणि लोक म्हणतात टेपच खराब. क्लिप-इन किंवा बारीक रिंगांनी अडकवायचे घ्या, नाहीतर तेल सोडा. सासूबाई तेल सोडू देणार नाहीत म्हणणारीला मी सरळ क्लिप-इन देते.

पाणी आणि प्लॅस्टिक : दोन छोट्या गोष्टी

बोअरचं पाणी असेल तर चांगला केसही राठ होतो. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार बसतात. एक्स्टेन्शनला टाळूचं तेल मिळत नाही, त्यामुळे त्याचं जास्त बिघडतं. शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं घ्या आणि महिन्यातून एकदा ईडीटीए (क्षार पकडून काढणारं रसायन) असलेला क्लॅरिफाइंग शाम्पू लावा. तोही फक्त रेमीला. नॉन-रेमीला लावलात तर उरलासुरला थर त्याच दिवशी जाईल.

दुसरं, जे ह्यूमन हेअर म्हणून घेतलं ते तसं आहे का? एकच केस चिमट्यात धरून, सिंकवर, काडीपेटीने जाळा. माणसाचा केस पीस जळल्यासारखा वास सोडतो आणि त्याची राख बोटात चुरते. कृत्रिम धागा वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. थोडे तसे, थोडे असे निघाले तर मिसळलेला माल आहे. कृत्रिम वाईटच असं मुळीच नाही. जपानची कानेका कंपनी कानेकालोन नावाचा धागा बनवते. वेण्यांसाठी तो जगभर वापरतात, आणि एका रात्रीच्या अंबाड्याला तो झकास. फक्त त्यावर केसांचा रंग चढत नाही, आणि पाकिटावर लिहिलेल्या तापमानाच्या वर स्ट्रेटनर नेला तर टोकं विरघळलेल्या दोऱ्यासारखी होतात. त्याला मग काही करता येत नाही.

मग घ्यायचं कोणतं

माझ्या वहीतले, माझ्या खरेदीचे भाव सांगते. तुमच्या गावात वेगळे असतील. अठरा इंच, शंभर ग्रॅम, काळे, क्लिप-इन : नॉन-रेमी 4,200 रुपये, रेमी सिंगल ड्रॉन 9,500, रेमी डबल ड्रॉन 14,500. भाव नेहमी ग्रॅमवर काढा, संचावर नको. ऑनलाइन स्वस्त दिसणारा संच बऱ्याचदा सत्तर ग्रॅमचा निघतो आणि पट्ट्या मात्र आठ असतात. घरी आल्यावर स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवा. क्लिपांचंही वजन त्यात मोजलेलं असतं, हे विसरू नका.

आता जे माझ्या धंद्यातल्या मैत्रिणींना आवडत नाही ते सांगते. हळद, संगीत, लग्न, रिसेप्शन एवढ्याच चार प्रसंगांसाठी हवे असतील तर रेमी घेऊ नका. नॉन-रेमी घ्या आणि धुऊच नका. थर उतरत नाही तोवर ते सुंदरच दिसतात. प्रत्येक वेळी काढल्यावर टोकाकडून विंचरायचे, स्प्रे कमी मारायचा, जाळीत गुंडाळून ठेवायचे. चार वेळांना हजार-हजार रुपये पडले, विषय संपला. त्याहून बरं म्हणजे भाड्याने घ्या. रोज ऑफिसला घालायचे असतील, किंवा आजारपणानंतर केस विरळ झालेत म्हणून घेत असाल, तर मात्र 4,200 चा माल महाग पडतो, कारण दोन-तीन महिन्यांत दुसरा घ्यावा लागतो. तिथे सिंगल ड्रॉन रेमी पुरे. डबल ड्रॉन मी फक्त बोथट, एकसारखा कट हवा असलेल्यांना सुचवते. आपल्याकडे लेअर्स कापायचे असतात, मग आधी खालची दाटी विकत घेऊन ती कात्रीने उडवायची कशाला?

आणि तो गोळा

आधीच जट झाली असेल तर पाणी लावू नका. पट्टी टेबलाच्या कडेला क्लिपने अडकवा, सीरम किंवा कंडिशनर सढळ लावा, अर्धा तास थांबा. रुंद दात्याचा कंगवा घ्या, शेवटच्या दोन इंचांपासून सुरुवात करा आणि बोटभर बोटभर वर चढा. एका हाताने गाठीच्या वर धरून ठेवा, म्हणजे ओढ पट्टीला बसत नाही. बारीक फणी लावू नका. कात्री लावावीशी वाटली तर गाठीतून उभी लावा, आडवी नको. एका पट्टीला वीस-पंचवीस मिनिटं जातील. एखादी मालिका लावून बसा.

गेल्या महिन्यात आलेल्या काकूंचा गोळा दीड तासानेही सुटला नाही. मुलीच्या साखरपुड्यासाठी घेतलेले केस, टाकवत नव्हते त्यांना. मी क्लिपा काढून घेतल्या, गोळा चांगला दाबून काळ्या जाळीत भरला आणि दोन टाके घातले. लग्नाच्या दिवशी तोच मुलीच्या अंबाड्यात आत घातला, वरून तिचे स्वतःचे केस गुंडाळले आणि मोगऱ्याचे तीन पदर फिरवले. त्या जागी बाजारातून डोनट (अंबाड्यात घालायची गोल कडी) आणला असता तर दीडशे रुपये गेले असते.